भरतीचा तिसरा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आई ओरडली. आई ही ओरडणारी बाई नव्हती. दारावर कुणी काही विकायला आलं तर ती 'नको हो' इतकं हळू म्हणायची की त्या माणसाला दोनदा विचारावं लागायचं. त्यामुळे ती किंकाळी ऐकून मुलीला आधी वाटलं, शेजारच्या घरातून आली असेल. ती आपल्या कामाच्या कोपऱ्यात बसून कुणाच्या तरी लोगोतल्या दोन अक्षरांमधलं अंतर तिसऱ्यांदा कमी करत होती. मग आतल्या खोलीतून पुन्हा आवाज आला, 'डोळा! अगं डोळा जळतोय!' तशी ती खुर्ची पाडून धावली. आई पलंगाच्या कडेला बसली होती, तळहात डाव्या डोळ्यावर गच्च दाबलेला. शेजारच्या छोट्या टेबलावर आईचा चष्मा घडी घालून, काचा वर करून, नेहमीसारखा नीट ठेवलेला होता, आणि त्याच्याजवळ औषधाच्या थेंबांच्या दोन बाटल्या, एक उघडी. दोन्ही निळ्या. दोन्हींवर पांढरी लाट. तिने उघडी बाटली उचलली, आणि ती डोळ्याची की कानाची हे तिला कळेना. बाटली खिडकीशी नेऊन, उजेडात धरून, सगळ्यात खालची ओळ तिला वाचावी लागली. कानाची होती. त्या बाटलीवरची एकूण एक रेघ तिने स्वतः ओढलेली होती, ती लाट तिची, तो निळा तिचा, ती खालची मुंगीएवढी ओळही तिचीच.

आईचं डोकं बेसिनमध्ये धरून ती वीस मिनिटं डोळ्यावर पाणी सोडत होती. एका हाताखाली आईची मान. मान इतकी बारीक कधी झाली हे तिला ठाऊक नव्हतं, एकाच घरात राहून माणसाची मान आपण कुठे बघतो! आई पाण्यातून बोलत होती. 'चूक माझीच. आंधळ्यासारखी उचलली मी. म्हातारपण, दुसरं काय.' ती म्हणाली, 'बोलू नकोस, डोळा उघडा ठेव.' तिला खरं म्हणजे ते 'चूक माझीच' थांबवायचं होतं. आई ते दर दोन मिनिटांनी म्हणत होती, आणि दर वेळी ती नळ थोडा मोठा करत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कृश होत्या आणि लिहिता लिहिताच बोलायच्या. 'थोडक्यात निभावलं. वरचा पडदा भाजलाय, भरून येईल. पट्टी बांधते, मंगळवारी सकाळी दाखवायला या. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळचे थेंब चांगल्या डोळ्यात चालू ठेवा, बंद करू नका.' तिने विचारलं, असे किती येतात? 'कानाचं डोळ्यात घालून? महिन्याला तीन-चार. आम्ही आपसात म्हणतो, कानाडोळा म्हणतात तो हाच.' बाई स्वतःच हसल्या, मग टेबलावरची बाटली बोटाने फिरवून म्हणाल्या, 'आणि निम्म्या वेळा हीच निळी असते.' आई पट्टीखालून लगेच म्हणाली, 'मी दोन्ही औषधं याच कंपनीची आणते हो. दुकानदाराला सांगूनच ठेवलंय, दुसरं नको, ते निळं द्या. माझ्या मुलीने काढलंय ते.' डॉक्टरीणबाईंनी कागदावरून डोळे उचलून तिच्याकडे पाहिलं. 'अस्सं. छान,' म्हणाल्या, आणि परत लिहू लागल्या. त्या 'छान'मध्ये टोमणा नव्हता. असता तर तिने परतवला असता. तो नुसता एक शब्द होता, घाईत असलेल्या माणसाने टाकलेला, आणि तरी तो तिला लागला, कारण अकरा वर्षांपूर्वी तोच शब्द तिने स्वतः तसाच टाकला होता.

घरी परतताना टॅक्सीत फोन वाजला. औषध कंपनीचा मार्केटिंगवाला. मनातल्या मनात ती त्याला तीनसाहेब म्हणायची, कारण त्याला सगळं तीनमध्येच लागायचं: तीन डिझाइनं, तीन रंग, तीन मुद्दे, चहासुद्धा तीन चमचे साखरेचा. माणूस वाईट नव्हता. मोठ्या साहेबांना काय आवडेल याचा अंदाज बांधण्यात त्याचे केस गेले होते. 'मॅडम, आनंदाची बातमी! बारा नवीन प्रॉडक्ट येतायत. नाकाचं, घशाचं, लहान मुलांचं, सगळं. फॅमिली लूक तोच ठेवायचा, एका घरातली भावंडं कशी लांबून ओळखू येतात, तसं. मंगळवारी अकराला प्रेझेंटेशन. आणि नेहमीप्रमाणे तीन ऑप्शन.' ती म्हणाली, 'बघते.' अकरा वर्षांत ती 'करते' सोडून दुसरं काही बोलली नव्हती. 'बघते म्हणजे?' 'म्हणजे बघते,' तिने सांगितलं आणि फोन पिशवीत टाकला. आई उघड्या डोळ्याने खिडकीबाहेर बघत होती. 'काम आलं का? चांगलं झालं,' आई म्हणाली, आणि आईच्या आवाजात खरोखरच आनंद होता, याचा तिला राग आला.

तिसरा ऑप्शन. तो कसा करायचा हे तिला जुन्या नोकरीत शिकवलं होतं. तिथे तिला खिडकीजवळची खुर्ची होती, पगार होता, आणि वर एक अनुभवी माणूस होता, जो दात कोरत कोरत धंद्याची गुपितं सांगायचा. गिऱ्हाइकाला नेहमी तीन दाखवावेत. एक आपल्याला हवा तो. एक त्याच्या जवळपासचा. आणि एक भरतीचा. भरतीचा इतका सामान्य असावा की बाकीचे दोन उजळून निघावेत, पण इतका टाकाऊही नको की समोरच्याला अपमान वाटावा. निवडल्याचं समाधान त्याचं, निवड आपली. ऐकताना तिला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मग नोकरी सुटली. सुटली म्हणजे तिनेच सोडली, एका भांडणात, भांडणात ती बरोबर होती. आणि घरच्या कोपऱ्यात टेबल टाकून तिने स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा पहिलं मोठं गिऱ्हाईक ही औषध कंपनी मिळाली. पहिला ऑप्शन तिने तीन आठवडे घासला होता. प्रत्येक औषधाला वेगळा रंग, अवयवाचं नाव अंगठ्याएवढं. दुसरा थोडा साधा, पण चांगला. तिसरा तिने प्रेझेंटेशनच्या आदल्या दुपारी चाळीस मिनिटांत केला. स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करणारा ओट्याखाली पाठीवर झोपून पाना मागत होता, मध्ये मध्ये उठून ती त्याला पाना देत होती, आणि रंग सुचेना म्हणून तिने समोरच्या बादलीचा निळा घेतला. वर एक लाट. सगळ्या बाटल्या एकसारख्या, खाली फक्त नाव बदललं. लाट का? तर वेळ कमी होता आणि लाट हाताला लवकर येते.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या लांब टेबलाशी दहा माणसं बसली होती, भिंतभर पडद्यावर तिचं काम, आणि टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, कंपनीचे मालक, गळ्यात चष्म्याची दोरी. पहिल्या दोन चित्रांना ते 'हं' म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी बोट उचललं. जाड, गोरं, अंगठीवालं बोट. 'हा. एका नजरेत कळतंय, आपलं आहे.' त्यांचंही चुकलं नव्हतं, रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला खरंच एका नजरेत कळलं असतं. मग सगळे तिच्याकडे वळले. किती वेळ होता तिच्याजवळ? अर्धं मिनिट तरी असेल. त्या अर्ध्या मिनिटात तिला म्हणता आलं असतं, नको, हा नको, हा मी नुसता भरतीला ठेवलाय. त्यासाठी आपण डाव खेळलो हे कबूल करावं लागलं असतं. ती हसून म्हणाली, 'छान निवड, सर.'

त्या दोन शब्दांवर तिचा संसार चालला, असं म्हटलं तरी चालेल. लाट कंपनीच्या इमारतीवर चढली, गाड्यांवर चढली, ड्रायव्हरांच्या शर्टांच्या खिशांवर चढली. दुसरी गिऱ्हाइकं आली, तीही म्हणायची, तसंच काहीतरी निळं करा. आईने पहिलं खोकं कपाटाच्या काचेमागे ठेवलं, आल्यागेल्याला दिसेल असं. सुरुवातीला तिच्याकडे एक कागद असायचा, प्रत्येक नव्या कामाआधी ती गिऱ्हाइकापुढे धरायची: ही वस्तू कोण वापरणार, कुठे, कसल्या उजेडात, त्या वेळी त्याच्या हातात आणखी काय असेल? लोक घड्याळाकडे बघायचे. 'मॅडम, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही फक्त डिझाइन करा.' मग कागद टेबलावरून खणात गेला, खणातून कुठे गेला कुणास ठाऊक. लोगो मोठा करा, करते. लाल जरा आनंदी करा, करते. आमच्या सुनेला जांभळा आवडतो, करते. 'करते' म्हणायला तिला आता तोंडही उघडावं लागत नसे. आणि हे सगळं चालू असताना, महिन्याला तीन-चार माणसं त्या कृश बाईंच्या खुर्चीत डोळा धरून बसत होती, आणि घरी जाताना म्हणत होती, चूक माझीच.

डॉक्टरांकडून आल्यावर त्या संध्याकाळी आई रोजचे थेंब घालायला बसली. मुलीने डोळ्याची बाटली स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली होती, कानाची फडताळात वर टाकली होती, आणि दारात उभी राहून ती लक्ष ठेवत होती. आईने आधी चष्मा काढला. घडी घातली. काचा वर करून ठेवला. मग हात लांब करून टेबलावर चाचपलं, बोटं बाटलीला लागली, तिने ती उचलली. 'थांब,' ती म्हणाली. 'आई, परत कर बघू.' 'अगं, दोनदा नसतात घालायचे.' 'घालू नकोस. नुसतं नाटक कर. पहिल्यापासून.' आईने तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं, चष्मा परत लावला, आणि मग शाळेतल्या मुलीसारखं सगळं पुन्हा करून दाखवलं. आधी चष्मा. मग बाटली. ते बघता बघता ती दारातच जमिनीवर बसली. डोळ्यात औषध घालायचं तर चष्मा काढावाच लागतो, आणि चष्मा काढला की बाटलीवरचं काहीच दिसत नाही. इतकं साधं. त्या थंडगार खोलीत दहा माणसांनी भिंतभर पडद्यावर, चष्मे लावून, ती बाटली पास केली होती. आणि तिने, जी त्यांना उजेडाचे आणि हातांचे प्रश्न विचारायची, तिनेही हे कधी विचारलं नव्हतं. मोठा टाइप तिने पहिल्या ऑप्शनमध्ये केला होता खरा, पण तो दिसायला भारदस्त म्हणून.

पश्चात्ताप हा तिला न आवडणारा प्रकार होता. त्यात माणूस नुसता बसून राहतो आणि वर त्याला चांगलं वाटतं. तिला राग जमायचा. रागात हात चालतात. तो राग आधी मोठ्या साहेबांवर गेला, मग तीनसाहेबांवर, मग त्या दात कोरणाऱ्या गुरूवर, आणि सगळीकडे फिरून पोस्टाच्या चुकलेल्या पाकिटासारखा घरच्या पत्त्यावर परत आला. येऊ दे, ती मनाशी म्हणाली. माझं आहे, मीच फोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाकीची कामं बाजूला सारली, आठ रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या आणि आईला समोर बसवलं. 'चष्मा काढ.' 'आता कशाला?' 'माझ्या हाताखाली काम करायचंय तुला.' आईला ते इतकं आवडलं की तिने पदर खोचला.

रंग पहिल्या तासात बाद झाले. पडदा ओढलेल्या खोलीत, एका डोळ्याने, आईला तांबडा आणि काळा सारखेच दिसत होते. मोठी अक्षरं केली, आणखी मोठी केली, आई म्हणायची, 'काहीतरी काळं आहे बघ, झुरळ असेल तरी मला कळायचं नाही.' तीन दिवस असे गेले. तिने कागदाच्या पट्ट्या कापल्या, चिकटवल्या, ओरबाडल्या, बोटांना गम लागून त्यावर मळ चढला, आणि कित्येक वर्षांनी तिला आपण काम करतोय असं वाटलं, नाहीतर इतके दिवस ती नुसती माणसं खूश करत होती. चौथ्या दिवशी, रविवारी, घाईघाईत लावलेल्या एका लेबलाचं टोक चिकटायचं राहिलं. आईने बाटली हातात घेतली आणि क्षणात म्हणाली, 'ही कानाची.' 'कशावरून?' 'अगं, हिची जीभ बाहेर आहे. मघाशीही हीच होती.' ती आईच्या बोटांकडे बघत राहिली. अंगठा त्या कागदाच्या टोकावरून मागेपुढे होत होता. तिने दुसऱ्या बाटलीचं लेबल गच्च चिकटवलं, कानाच्या बाटलीचं टोक नखभर बाहेर ठेवलं, आणि मागच्या मागे बाटल्यांची अदलाबदल करून वीस वेळा विचारलं. वीसही वेळा बरोबर. एकविसाव्या वेळी आईने बाटली न उचलता, नुसतं बोट लावून सांगितलं, वर म्हणाली, 'आता चहा दे, नाहीतर मी काम सोडते.'

सोमवारी सकाळी तिने कंपनीच्या कारखान्यात लेबलाचं मशीन चालवणाऱ्याला फोन केला. त्याला ती कधी भेटली नव्हती. लेबलाचं एक टोक न चिकटवता सोडता येईल का, तिने विचारलं. 'होईल की,' तो म्हणाला. 'गमाच्या रुळाला एक पट्टी मारली की लेबलाचं शेवटचं अर्धं बोट कोरडं राहतं. दहा मिनिटांचं काम. पण साहेबांना चालायचं नाही बघा. फिनिशिंग नाही म्हणतील.' 'ते माझ्यावर सोडा.' 'आणि एक सांगू? माझ्या सासऱ्यांनी पण घातलं होतं, कानाचं डोळ्यात. मी तेव्हा सांगणार होतो कुणालातरी. पण आपलं कोण ऐकतंय.' फोन ठेवल्यावर तिला वाटलं, ही सगळी माणसं अकरा वर्षं एकाच बाटलीभोवती काम करतायत आणि एकमेकांशी बोललेली नाहीत.

दुपारी तिचं काम पूर्ण झालं. एक डिझाइन. पांढरी बाटली डोळ्याची, काळ्या पट्ट्याची आणि जीभ बाहेर काढलेली कानाची, आणि बाकीच्या औषधांना तिसरंच अंग, म्हणजे बाटलीचा आकारच दुसरा. आई जेवायला हाक मारत होती. तिने नवी फाइल उघडली. का उघडली तिला कळलं नाही. हात आपोआप चालू लागला: जवळपासचा दुसरा, मग निळा रंग, आणि बघता बघता पडद्यावर लाट आली, गुळगुळीत, तयार, तिच्या हाताला पाठ असलेली. तीन ऑप्शन नेले तर काय बिघडतं? चांगला पहिला ठेवू, पटवून सांगू. मोठे साहेब सत्तरीचे झालेत, शहाणे झाले असतील. हे गिऱ्हाईक गेलं तर वर्षातलं निम्मं काम जाईल, आईचे डॉक्टर आहेत, घर आहे. सगळं खरं होतं. आई दारात येऊन उभी राहिली होती. 'बाकीचे दोन झाले का?' तिने विचारलं. आईलाही तीनचा नियम माहीत होता, घरातल्या शिस्तीसारखा. तिने पडद्यावरची लाट पाहिली आणि वर आईची पट्टी. 'नाही,' ती म्हणाली. 'या वेळी नाही करणार.' 'रागावतील गं.' 'रागावू देत.' तिने फाइल पुसून टाकली. पुसल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? इतका प्रामाणिक प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी डोळा बघितला, अजून दोन दिवस पट्टी राहू द्या म्हणाल्या. घरी जाऊन परत यायला वेळ नव्हता, म्हणून आईला घेऊनच ती कंपनीत गेली. खालच्या दालनात, भिंतीवर माणूसभर उंचीच्या पितळी लाटेखाली, आई हातात पाण्याचा ग्लास घेऊन बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे एका डोळ्याने मायेने पाहू लागली. वर तेच लांब टेबल. तेच लोक, थोडे टकले, थोडे पांढरे. तिने आधी दोन जुन्या बाटल्या टेबलावर ठेवल्या, मग नव्या दोन, आणि पडद्यावर एकच चित्र लावलं. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं. जिभेपर्यंत आल्यावर कुणीतरी खोकलं. 'छान, छान,' तीनसाहेब म्हणाले. 'आता पुढची स्लाइड?' 'पुढे काही नाही.' 'म्हणजे बाकीचे दोन ऑप्शन मेलवर आहेत का?' 'नाहीत. एकच आहे.' तीनसाहेबांचा चेहरा भर वर्गात पाटी फुटलेल्या मुलासारखा झाला.

मोठ्या साहेबांनी नवी कानाची बाटली उचलली, जिभेला बोट लावलं आणि कपाळाला आठी घातली. 'हे सुटलंय.' 'सोडलंय, सर. बोटाला कळावं म्हणून.' 'आपलं लेबल असं अर्धवट? आणि लाट कुठे आहे?' ते टेबलभर सगळ्यांना उद्देशून बोलत होते, तिच्याशी नव्हे. 'अकरा वर्षं लाट ही या कंपनीची ओळख आहे. मी स्वतः निवडली होती.' ती उभीच होती. 'तुम्ही निवडलीत, पण मांडली मी होती,' ती म्हणाली. 'आणि ती भरतीची होती. पहिले दोन उठून दिसावेत म्हणून मी ती चाळीस मिनिटांत केली होती. आमच्या धंद्यात करतात तसं.' 'म्हणजे तुम्ही मला फसवलंत?' 'हो. आणि वर छान निवड म्हटलं. त्याची माफी मागते. लोक कानाचं औषध डोळ्यात घालतायत, माझ्या आईनेही घातलं. आजच्या एकाच ऑप्शनची मात्र माफी नाही मागणार.' ती टेबलाला वळसा घालून गेली आणि त्या दोन जुन्या बाटल्या मोठ्या साहेबांपुढे सरकवल्या. 'चष्मा काढा, सर. मग यातली डोळ्याची उचला. तुम्हाला जमलं तर मी उद्या तीन काय, तीस ऑप्शन आणून देते.'

त्यांचा हात चष्म्यापर्यंत गेला. तिने तो जाताना पाहिला. मग त्यांनी टेबलाभोवतीचे दहा चेहरे पाहिले, आणि हात दोरी सारखी करून खाली आला. 'मी इथे परीक्षा द्यायला बसलेलो नाही. शुक्रवारपर्यंत तीन ऑप्शन द्या, लाटेसकट. जमत नसेल तर डिझायनर पुष्कळ आहेत.' 'आहेत,' ती म्हणाली. 'जो कुणी येईल त्याला एवढंच सांगा, आधी घरी जाऊन आईला औषध घालताना बघून ये.' नव्या बाटल्या तिने पिशवीत टाकल्या. जुन्या दोन तिथेच राहू दिल्या, त्या त्यांच्याच होत्या. दारापर्यंत तीनसाहेब मागे आले आणि कुजबुजले, 'मॅडम, निदान दोन तरी...' तिला त्यांची दया आली, पण दयेपोटी माणूस काय काय करून बसतो हे तिने अकरा वर्षं पाहिलं होतं.

जिना उतरताना तिला आपलं शरीर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. हातातून निम्म्या वर्षाचं काम गेलं होतं. आई लाटेखाली बसली होती. 'काय म्हणाले?' 'गेलं काम,' ती म्हणाली, आणि आई काही बोलायच्या आत पुढचं बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा अकरा वर्षं गेली असती. 'आई, तुझी चूक नव्हती. ती बाटली मी खोटी केली होती. वाईट दिसावी म्हणूनच केली होती, आणि त्यांनी तीच घेतली, आणि मी गप्प बसले.' आईने ग्लास बाजूला ठेवला. आईच्या डोळ्यासमोर कपाटाच्या काचेमागचं ते खोकं आलं असणार, त्यावरची धूळ तीच आठवड्याला पुसायची. 'किती वेळात केली म्हणालीस?' 'चाळीस मिनिटं.' 'तरीच,' आई म्हणाली. 'मला तेव्हाच वाटलं होतं, याच्यापेक्षा ही शाळेत बरं काढायची. पण म्हटलं, मोठ्या लोकांना आवडलंय, आपल्याला काय कळतंय.' आणि मग, उठण्यासाठी तिच्या दंडाला धरत, 'इतकी वर्षं उगीच पुसत होते मी ते खोकं. आज घरी गेल्यावर काढून टाक.'

दोघी बाहेर फाटकाशी टॅक्सीसाठी उभ्या राहिल्या. ऊन होतं. आईच्या पट्टीवर माशी बसू नये म्हणून ती मधून मधून हात हलवत होती. फोन वाजला. नंबर कंपनीच्या टेलिफोन बोर्डाचा होता, तिथली मुलगी म्हणाली, 'धरा हं, जोडून देते,' आणि मग कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. अकरा वर्षांत मोठ्या साहेबांनी तिला एकदाही स्वतः फोन केला नव्हता. जे काही असेल ते तीनसाहेबांमार्फत, गाळून, तीन मुद्द्यांत. 'मी बोलतोय,' ते म्हणाले. आवाज टेबलावरच्या आवाजापेक्षा बारीक होता. 'केबिनमध्ये आहे. दार लावलंय.' मग काचेवर बाटली ठेवल्यासारखा टक्क आवाज आला, मग दुसरा. 'चष्मा काढलाय मी.' तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. 'दहा मिनिटं झाली... हे बघा, मला फक्त एवढं सांगा. यातली डोळ्याची कुठली?'

आईने तिचा हात ओढला. 'कोण गं?' तिने फोन जरा दूर धरला. 'मालक. विचारतायत, डोळ्याची कुठली.' आईने चांगल्या डोळ्याने त्या इमारतीकडे, तिच्यावरच्या लाटेकडे, वर कुठल्यातरी बंद खिडकीकडे पाहिलं.

'मग सांगू नकोस,' आई म्हणाली.

तिने फोन परत कानाला लावला. पलीकडे ते अजून थांबले होते. चष्मा हाताशी असणार, नुसता उचलून लावायचा अवकाश होता, पण त्यांनी तो लावला नव्हता.

'ऑप्शन दोनच आहेत, सर,' ती म्हणाली. 'निवडा.'